तापाचं घर

मी एक जुनी पाणथरी आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला प्लीहा म्हणतात. लातूरच्या या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, उग्र वासाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत मी काही वर्षं बसून आहे. माझ्या एका बाजूच्या बाटलीत विंचू आहे आणि दुसऱ्या बाजूच्या बाटलीत बेडूक. दोघेही फारसे बोलत नाहीत. मित्रांनो, आज माझा इथला शेवटचा दिवस. बाहेर व्हरांड्यात पार्वतम्मा नावाची बाई मांडीवर कोरं पांढरं कापड घेऊन बसली आहे. हा तास संपला की ती मला नेणार आहे. तेवढ्या वेळात मी माझी हकिकत सांगून टाकते.

माझा जन्म दानम्माच्या पोटात झाला. दानम्मा म्हणजे उदगीरजवळच्या एका गावातले लिंगायत किराणा दुकानदार शिवमूर्ती यांची थोरली लेक. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला माझी जागा होती. वर छातीवर तिच्या गळ्यातलं लिंग असायचं, आणि सकाळी ती ते तळहातावर घेऊन पूजेला बसली की मला आतून तिचा श्वास संथ झालेला कळायचा. आम्हा दोघींचं छान चाललं होतं.

माझं काम काय, ते कोणी विचारत नाही. सगळी गाणी हृदयावर, सगळं कौतुक मेंदूचं. मी आपली अंधारात बसून रक्त गाळत होते. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडून त्यातलं लोखंड बाजूला काढायचं, आणि रक्तातून कोणी परका जंतू चालला असेल तर त्याला पकडायचं. एकदा पाहिलेला जंतू मी विसरत नाही. काही जंतू फार लबाड असतात. अंगावर बुळबुळीत आवरण चढवून येतात, कोणाच्याही हातून निसटतात. त्यांना धरावं तर मीच.

दानम्मा नऊ-दहा वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. गावाबाहेर दुष्काळी कामावर माणसांनी तलाव खोदला, खडी फोडली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तशी त्या खड्ड्यांत पाणी साचलं आणि पाण्यावर डास झाले. मग घराघरात हिवताप आला. दानम्माला तो दर वर्षी यायचा. ती गोधडीत कुडकुडायची आणि आत मी रात्रंदिवस राबायचे. इतकं काम पडलं की मी सुजले. मुठीएवढी होते, ती बरगड्यांच्या बाहेर येऊन बेंबीकडे सरकले. वरून हात लावला तरी लागायचे.

इथेच माझ्या नावाला डाग लागला. ताप आला की मी फुगलेली दिसायचे, म्हणून लोकांनी ठरवलं की ताप माझ्यातच राहतो. चोरी झाली तिथे पोलीस सापडला म्हणून त्यालाच चोर ठरवावं, तसं झालं. गावात सरजाबाई नावाची म्हातारी पाणथरीवर डाग द्यायची. तिने विळा लाल केला आणि दानम्माच्या पोटावर डाव्या बाजूला टेकवला. पोरगी किंचाळली. "झालं, झालं बाई. तापाचं घर जाळलं बघ," सरजाबाई म्हणाली. तो चटका माझ्यापर्यंत पोहोचलासुद्धा नाही. कातडीवर मात्र काळे वण राहिले, ते कायमचे.

पुढे दानम्माचं लग्न झालं. मुखेडचे वीरण्णा, कापडाचं दुकान, घरात आई पार्वतम्मा. सासू म्हणून ही बाई वाईट नव्हती. सुनेला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. मला फार आवडायची ती.

लग्नानंतरच्या पंचमीला दानम्मा माहेरी आली. लातूर जिल्हा होणार म्हणून त्या दिवसांत सगळीकडे एकच बोलणं होतं. लिंबाच्या झाडाला झोका बांधला होता. बायका दोघी-दोघी उभ्या राहून चढवत होत्या. दानम्माचा पाय सुटला आणि ती डाव्या कुशीवर पडली. सुजलेली मी, मला किती जोर सहन होणार? मी फाटले. जे रक्त जन्मभर गाळलं, ते माझ्यातून तिच्या पोटात सांडू लागलं.

जीपमध्ये घालून तिला लातूरला आणलं. डॉक्टर मार्तंड यांनी पोट उघडलं, मला पाहिलं आणि उचलून बाहेर काढलं. त्यांचं चुकलं नाही. मी आत राहिले असते तर दानम्मा त्याच दिवशी गेली असती. पहिल्यांदाच उजेड पाहिला मी, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

दानम्मा बरी होईपर्यंत लातूर जिल्हा झाला होता. रस्त्यावर कमानी होत्या, दवाखान्यात कोणी तरी पेढे वाटून गेलं. निघताना डॉक्टरांनी वीरण्णांना आणि पार्वतम्माला समोर बसवलं. "हिचा पहारेकरी गेला आहे," ते म्हणाले. "घाबरू नका, माणूस त्याशिवाय जगतो. पण पुढे कधीही ताप आला तर अंगावर काढायचा नाही. संध्याकाळची वाट बघायची नाही. उठायचं आणि दवाखाना गाठायचा."

"हाव, डाक्टरसाहेब," पार्वतम्मा म्हणाली.

डॉक्टरांनी मला बरणीत घातलं आणि त्यांच्या पत्नीकडे दिलं. त्याच तुमच्या चंद्रप्रभाबाई. अशी मी या कपाटात आले.

आता पुढचं मला कसं कळलं, ते विचारू नका. मलाही सांगता येणार नाही. बरणीत ना रक्त, ना नस. तरी मला दानम्मा कळायची. ती पाणी शेंदताना दमली की कळायचं. सकाळी तळहातावर लिंग घेऊन बसली की बरणीतलं पाणी एकदम शांत व्हायचं. विंचवाच्या आणि बेडकाच्या बाटलीत असं काही होत नसे, मी नीट पाहिलं आहे.

मग पुन्हा पाऊस रुसला. मुखेडात टँकर यायला लागले. वीरण्णा माल आणायला नांदेडला गेले होते. त्या सकाळी बाई याच वर्गात मला हातात घेऊन शिकवत होत्या आणि एकाएकी मला तो जंतू कळला. दानम्माच्या घशातून रक्तात उतरलेला, बुळबुळीत आवरणाचा. मी त्याला लगेच ओळखलं. ओळखून काय करणार? मी इथे, तो तिथे, आणि माझ्या जागी पोकळी.

पुढच्या बाकावरची पंचशीला ओरडली, "बाई, ती हलली!"

"बरणी हलली गं, माझा हात हलला," बाई म्हणाल्या. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. पाणी हलायचं थांबलं नाही. बाईंनी माझ्यावर डस्टरचं फडकं टाकलं.

फडक्याखाली मला मुखेडचं घर ऐकू येत होतं. दानम्मा दात वाजवत म्हणत होती, "अत्त्या, लई थंडी वाजून राहिली. डाक्टरकडं जाऊ का?"

"अगं, तापाचं घरच काढून टाकलंय की त्यांनी," पार्वतम्मा म्हणाली. "आता कुठला ताप? उन्हाचं असंल. पड जरा, वीरण्णा येईस्तोवर बरं वाटंल." तिने सुनेच्या कपाळाला विभूती लावली, धन्याचा काढा पाजला, पाय चेपले. माया कुठेही कमी पडली नाही. मी त्या बरणीत जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण पाणथरीला तोंड नसतं.

दुपारपर्यंत दानम्माच्या अंगावर जांभळे डाग उठले. शेजारचे किशनराव गाडी आणायला धावले. गाडी नांदेडच्या वाटेला लागली आणि बरणीतलं पाणी थांबलं. त्यानंतर ते आजपर्यंत हललेलं नाही.

आमच्या माणसांत जाळत नाहीत. मेलेल्याला बसवून, तळहातावर लिंग ठेवून माती देतात. दानम्मालाही तशीच दिली. ती बसली, लिंग बसलं, आणि डाव्या कुशीत एक जागा रिकामी राहिली.

पार्वतम्मा आज सकाळी मुखेडहून एसटीने आली. चंद्रप्रभाबाईंना ती याच टेबलापाशी भेटली. "बाई, ती घरात दिसून राहिली," ती हळू आवाजात म्हणाली. "भर उन्हाची येते. चुलीपाशी बसते, अन् असा हात डाव्या कुशीला लावून चाचपते. म्या इचारलं, काय हुडकून राहिलीस गं? निस्ती बघते माझ्याकडं."

बाईंनी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

"डाक्टरसाहेबानं सांगितलं होतं, अन् म्या हाव म्हणले होते," पार्वतम्मा म्हणाली. "माझी सून पुरी गेली न्हाई, बाई. तिचं तिला द्या. कुठल्या अंगाला तोंड करून बसवलीय, ते मला ठाव हाय. डाव्या बाजूनं उकरून ठेवते."

बाई रडल्या. मग म्हणाल्या, "एक तास थांबा. पोरांना एकदा शेवटचं दाखवते." म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे.

मित्रांनो, तुमच्या डाव्या बरगड्यांखाली हात ठेवून बघा. काही लागणार नाही, आणि लागू नये हेच बरं. तिथे माझी बहीण अंधारात बसून काम करते आहे. तिच्यासाठी घरात डास होतील असं पाणी साचू देऊ नका. आणि जिची पाणथरी काढली आहे अशी कोणी तुमच्या घरात, शेजारात असेल, तर तिच्या तापाला उद्याचा वायदा देऊ नका. डॉक्टर सांगतील त्या लशी तिला टोचून आणा. ताप माझ्यात कधीच राहत नव्हता. मी दारात उभी होते, एवढंच.

घंटा झाली. पार्वतम्मा आत आली आहे, तिने कापड पसरलं आहे. बरणीचं झाकण निघतं आहे. आता दानम्माच्या रक्तात गाळायला काही उरलेलं नाही, कोणाला पकडायचंही नाही, हे मला कळतं. पण इतक्या दिवसांनी, पंचशीला, नीट बघ. पाणी पुन्हा हललं. दानम्माने हात डाव्या कुशीवरून बाजूला घेतला आहे. मला जागा करून देते आहे ती.