शेवटच्या क्षणी हजर

मीरो पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गेला. आठ वाजता डॉक्टरांनी कागद दिला आणि साडेनऊला जांदीरा नोंदणी कार्यालयाच्या खिडकीशी उभी होती. दफन संध्याकाळी पाचला ठरलं होतं. मृत्यूच्या दाखल्याशिवाय दफनभूमीचं फाटक उघडत नाही.

सोबत तार्सिझियो होता, हप्ते घेऊन दफनाची सोय करणाऱ्या अंत्यविधी योजनेचा माणूस. फॉर्म त्यानेच गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरला होता. नाव, वय, सगळं योजनेच्या कार्डावरून उतरवलेलं. मृताशी नातं : बहीण.

ते नातंही त्यानेच जोडलेलं. बावीस वर्षांपूर्वी तो कार्ड करायला घरी आला, तेव्हा बायको म्हणून नाव घालायला लग्नाचा दाखला लागत होता, आणि मीरोच्या दाखल्यावर नाव होतं नेऊझाचं. ती दूर बाहिया राज्यात राहायची आणि त्याच्याशी केव्हाच फारकत घेऊन बसली होती, पण कागदावर नाही. बहिणीला कोणी दाखला विचारत नाही, असं तार्सिझियोनेच सुचवलं. तिघं कॉफी पिता पिता हसले होते. त्यानंतर घरात भांडण झालं की मीरो दारातून विचारायचा, "ताई, आज जेवण मिळेल का?" ती म्हणायची, भावाने आधी लाकडं फोडावीत.

एकत्र राहतो असा करार नोंदवायचा त्यांनी दोनदा ठरवला. त्यासाठी मीरोच्या लग्नाचा नवा उतारा लागे, तोही नव्वद दिवसांच्या आतला. तो बाहियाहून दोनदा मागवला. पहिल्या वेळी मीरोची कंबर धरली. दुसऱ्यांदा तो नेमका कॉफीच्या तोडणीत आला, आणि तोडणी सोडून कार्यालयात जाणं दोघांनाही पटलं नाही. मुदत संपलेले दोन्ही उतारे आज तिच्या पिशवीत होते.

खिडकीमागच्या एदिलेनेने फॉर्म वाचला. चर्चमध्ये ती या दोघांच्या मागच्याच बाकावर बसत असे.

"जांदीराबाई, तुम्ही त्यांची बहीण?"

तार्सिझियोने परस्पर उत्तर दिलं, कार्डावर तसंच छापलंय. जांदीराने मात्र विचारलं, सोबतीण असं लिहिता येईल का. एदिलेने म्हणाली, करार असता तर लिहिलं असतं. नुसत्या सांगण्यावरून नाही. ते आता कोर्टाचं काम.

"आणि बहीण लिहिलं तर?"

"तर दहा मिनिटांत दाखला. पण खाली सही तुमची राहील. उद्या कोर्टात तुम्ही म्हणाल, मी त्यांच्याबरोबर संसार केला. समोरचा वकील हाच कागद पुढे ठेवेल."

तार्सिझियोने घड्याळ दाखवलं. "वहिनी, माणूस घरात पडलाय. आधी त्याला जमिनीत जाऊ द्या, कोर्टाचं मागाहून बघू."

"वहिनी म्हणतोस आणि बहीण लिहितोस," एदिलेने म्हणाली.

जांदीराने हातातलं पेन खाली ठेवलं. आणखी कोण सही करू शकतं, तिने विचारलं. एदिलेनेने कायद्याचं पुस्तक उघडून क्रम वाचला : बायको, मुलं, भावंडं, जवळचे नातेवाईक. मुलं मीरोला नव्हती, सख्खा भाऊ केव्हाच वारला होता, दुसरं जवळचं कोणी इथे नव्हतं, आणि नेऊझा दीड दिवसाच्या वाटेवर. यांपैकी कोणी हजर नसेल तर डॉक्टर, पाद्री, शेजारी, किंवा शेवटच्या क्षणी जवळ असलेली व्यक्ती.

"मी होते जवळ," जांदीरा म्हणाली. "डोकं माझ्या मांडीवर होतं. तेवढंच लिहा."

एदिलेनेने नवा फॉर्म घेतला. टाइप करता करता ती वाचत गेली. मृत : वाल्दोमीरो. विवाहित, पत्नी नेऊझा. इथे तिने मान वर केली. जांदीराने पिशवीचे बंद घट्ट धरले आणि पुढे वाचा म्हणून खूण केली. मृताचा पत्ता : चर्चमागची गल्ली, घर क्रमांक एक्केचाळीस. खबर देणारी : जांदीरा, अविवाहित, शेवटच्या क्षणी हजर.

"तुमचा पत्ता?"

"एक्केचाळीस. तीच गल्ली."

एदिलेनेला तो ठाऊक होता. तरी तिने तो पुन्हा विचारला आणि पहिल्या पत्त्याच्या खाली पूर्ण टाइप केला. जांदीराने दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या, मग सही केली.

साडेदहा वाजले होते. दाखल्याच्या दोन प्रती तिने मागून घेतल्या, एक फाटकावर द्यायला आणि एक कोर्टासाठी.