पहिल्या वडीचा वाटा

दुपारपासून मी ओट्यावर बसत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. शिरूर कासारच्या रस्त्यावर धूळ उडाली की वाटायचं, आले भगवानराव. मग त्या धुळीतून शेळ्याच बाहेर पडायच्या. समोर पाराजवळ मुकादमाचा ट्रक उभा होता आणि ऊसतोडीला निघालेल्यांची बोचकी वर चढत होती. आमचंही चढलं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे मी गेले नाही तर आसारामलाही जाता येत नाही. भगवानराव आधी येतात की ट्रक आधी सुटतो, एवढ्यावर आमचं सगळं अडलं होतं.

आमची बायकांची शेळीच्या दुधाची संस्था आहे. मी तिची अध्यक्ष, म्हणजे शिव्या खायची मानकरी. मागल्या वर्षी नॉर्वेहून इंग्रीडताई आली. आम्ही पांढरं चीज करून उरलेलं पाणी, म्हणजे निवळी, गटारीत ओततो हे पाहून तिनं कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे ती निवळी थोडं दूध, साय घालून तासन् तास आटवतात. साखरेचा कण घालत नाहीत, तरी आटून आटून ती गुळासारखी तपकिरी होते. थिजली की तिची वडी. ती सुरीनं कापायची नाही, पात्यात फट असलेल्या उलथन्यानं कागदासारखी पातळ सोलायची आणि पावावर नाहीतर गरम गोड घावनावर ठेवून खायची. लहानपणी जाड तुकडा तोडला की तिला आईचा मार बसायचा म्हणे. जाताना ती ते उलथनं मला देऊन गेली.

बाई गेली आणि पाऊसही गेला. शेळ्यांचं दूध वाटीवर आलं. आमची एक वडी करपली, दुसरी निवताना घोटली नाही म्हणून वाळूसारखी कचकच लागली. काल मात्र हात मोडेस्तोवर घोटली आणि सकाळी साच्यातून अशी गुळगुळीत निघाली की मला रडू आलं. पुण्याच्या हॉटेलांना माल पुरवणारे भगवानराव तीच चाखायला येणार होते. पसंत पडली तर बायका गावात राहतील, मीही राहीन. नाहीतर माझ्या सासूबाई ताराबाई शेळ्यांसोबत एकट्या मागे राहतील.

एकदाची जीप आली. भगवानराव खाटेवर टेकले, पाणी प्याले. मी ऐटीत आत गेले आणि फडकं उचललं. ताटात वडी नव्हती. नुसतं उलथनं होतं, त्याला तपकिरी लागलेलं.

सासूबाई चुलीपुढे शांत बसल्या होत्या. मी विचारलं तर सरळ सांगितलं, वाटली. चिकाचा खरवस कुणी विकतं का? पहिला देवाला, मग गावाला, घरच्यांनी शेवटी. त्यांनी बिरोबापुढे एक पापुद्रा ठेवला होता आणि ट्रकमध्ये चढणाऱ्या एकेकीच्या भाकरीवर एकेक घातला होता.

"आत्याबाई, तुमी माझं घर बुडवलं," मी म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"मला वाटलं समदेच चाललेत," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्याच्या हातावर कायी नको व्हय? तुजं बी बांधलंय बोचक्यात. वाटंत भूक लागंल म्हून."

मी तशीच पळाले. ट्रकवर चढून बोचकं उसवलं. आसाराम काय झालं म्हणून विचारत राहिला. लुगड्यांच्या मधोमध फडक्यात एक भाकरी होती आणि तिच्यावर पापुद्र्यांचा थर. गावाला एकेक आणि मला, रोज जिच्याशी भांडण तिला, चार. ट्रक घरघरायला लागला होता. मी फडकं घेऊन घरी पळाले.

भगवानरावांनी एक पापुद्रा उजेडात धरला आणि जिभेवर ठेवला. मग दुसरा भाकरीसकट खाल्ला. तिसरा. शेवटी बोटं चाटत म्हणाले, दर आठवड्याला किती द्याल?

मी पाराकडे जाऊन माल ठरला म्हणून ओरडले तेव्हा चव तोंडात असलेली कौशल्याबाई पहिली खाली उतरली. मागोमाग आणखी तिघी. बाकीच्या मान वळवून बसून राहिल्या. सगळ्यांचा भरवसा काही एका वडीवर बसत नाही. आसारामनं आमचं बोचकं खाली टाकलं आणि मागून स्वतः उडी मारली.

फडक्यात एक पापुद्रा उरला होता. इतक्या खटपटीत आमच्या घरात कुणीच ती वडी चाखली नव्हती. मी तोंडाजवळ नेला तर सासूबाईंनी हात धरला.

"तू ऱ्हाणार हाईस का जाणार?"

राहणार, म्हणाले.

"मंग ठिव. जाणार व्हतीस म्हून तुजा वाटा आधी काढला व्हता. आता घरची हाईस, शेवटी खायाचं."

त्यांनी तो पापुद्रा नेऊन ट्रकमध्ये बसलेल्या गीताबाईच्या हातावर ठेवला. ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. मग घरात येऊन त्यांनी उलथनं उचललं, पात्याला लागलेलं तपकिरी बोटानं निपटलं आणि अर्धं माझ्या तोंडात घातलं, अर्धं स्वतःच्या.