आमच्या गावाच्या पानावरचं एक वाक्य

आमच्या लेकीच्या, शकुनच्या, मुलीचं, पौर्णिमाचं, लग्न अकोल्याला झालं ते २०२४ साल. मार्गशीर्ष महिना होता. पंगतीत नवरदेवाचे मामा चंद्रभान, अमरावतीचे, मोबाइल हातात धरून मोठ्याने म्हणाले, "जानरावजी, तुमच्या गावात पाहुन्याले पानीबी विचारत नाईत म्हने! इंटरनेटच्या ज्ञानकोशात लिहून हाय. मी तं बाटली घरूनच आनली."

सगळे हसले. मीही हसलो. माझी बायको पार्बता हसली नाही.

परतताना दर्यापूरहून जीपमध्ये बसलो तेव्हा तिने विचारलं, "आवो, खरंच तसं लिहून हाय?"

मी अक्षरं शिकलो अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. अजूनही हळूहळूच वाचतो. मोबाइलवर गावाचं पान सापडलं. लोकसंख्या, पिनकोड, कापूस, सोयाबीन. मग 'लोकजीवन' या मथळ्याखाली एकच वाक्य : 'येथील लोक स्वभावाने कंजूष असून पाहुण्यास पाणीदेखील विचारत नाहीत.' कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, काही नाही.

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी चार कोसांवरून बैलगाडीने यायचं. ते वाया जाऊ नये म्हणून आलेल्याला दारात पाणी विचारायचं नाही. आधी बसवायचं, तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा, तो तोंडात विरघळला की मग तांब्या द्यायचा. घाईचा माणूस त्याआधीच उठून जायचा. पार्बता पाहुण्यांसाठी गोड्या पाण्याची घागर वेगळी ठेवायची. घरचे खारं प्यायचे. शकुन लहानपणी रडली तरी तिला त्या घागरीतलं मिळालं नाही.

संक्रांतीनंतर पार्बताचं अंग सुजलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. शकुन तिथेच ठेवून घेत होती, पण ही राहिली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी हावो तोवर ते काढा. घरच्यायले कोरडं ठेवून लोकायले पाजलं म्या."

मी ते वाक्य पुसलं. रिकामी जागा बरी दिसेना, म्हणून तिथे लिहिलं : 'येथे पाणी विचारत नाहीत हे खोटे आहे. ज्याला खात्री करायची त्याने मारोतीच्या पारामागे जानरावच्या घरी यावे. गूळ व पाणी मिळेल.' तासाभरात माझं गेलं आणि जुनं परत आलं. कारण दिलं होतं : जाहिरात.

पार्बता कितीतरी दिवसांनी हसली. "जाहिरात! हॉटेल समजले काय आपल्याले?"

तरी दुसऱ्या दिवशी तिने मला गूळ आणायला लावला. न जाणो, कुणी ते वाचलं असेल आणि खात्री करायला येईल. ती खाटेवरून दाराकडे पाहायची. आमच्या ओळीतली चार घरं कुलपात आहेत, मुलं पुण्याला. कुणी आलं नाही.

त्या पानामागे चर्चेची जागा असते, हे मला मागून कळलं. तिथे गुळाची सगळी हकीकत लिहिली. दोन दिवस लागले. अमरावतीच्या कुणी चारुशीला नावाच्या शिक्षिका होत्या, त्यांचं उत्तर आलं : 'काका, तुमचं म्हणणं खरं असेल, पण ते कुठे छापून आलेलं नाही, म्हणून लेखात घालता येणार नाही. मात्र मूळ वाक्यालाही आधार नाही. पंधरा दिवस वाट पाहू. कुणी पुरावा दिला नाही तर काढून टाकू.' वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी बारीक खूण आली.

पार्बता रोज सकाळी विचारायची, "हाय अजून?"

"हाय."

नऊ मार्चला पाहिलं तर वाक्य नव्हतं. मी ओरडूनच सांगितलं.

"वाचा," ती म्हणाली.

"काय वाचू? वर लोकजीवन लिहून हाय. खाली काईच नाई."

"आपल्या गुळाचं?"

"ते नाई चालत म्हने."

ती म्हणाली, "मंग वाचनाऱ्याले वाटीन, इथी कोनी राहातच नव्हतं."

मी मोबाइल बाजूला ठेवला. वाक्य गेल्याचं समाधान मी एकट्यानेच मानलं होतं, तेही घडीभरच.

पुढचे दोन दिवस तिने काही विचारलं नाही. माझी पत्नी पार्बताबाई बुधवारी, १२ मार्च २०२५ रोजी, सकाळी घरीच वारली. हे तरी कुठे छापून यावं, म्हणून लिहिलं.