सुतकाच्या घरातली फोडणी

शेजारच्या बनाबाईनं भिंतीवरून दिलेलं फडकं झुंबरबाईनं सोडलं, त्यातल्या दोन भाकऱ्या आपल्या घरच्या पितळीत ठेवल्या आणि फडकं घाईघाईनं डब्यामागं सारलं. वाटीत अळणी आमटी ओतली. तीही बनाबाईचीच. घरातल्या शेगडीला कालपासून कुणाचा हात लागला नव्हता.

"आई, मी करते की दोन भाकऱ्या," स्वप्नाली दबक्या आवाजात म्हणाली. रडून रडून लेकीचे डोळे सुजले होते. "आण्णांना संशय आला तर?"

"भाऊ काल गेला आन तू आज तवा तापवतीस? अजून रक्षा सावडायची हाय. त्याची आई जित्ती असस्तवर ह्या घरात चूल पेटायची न्हाई." झुंबरबाईनं पितळी उचलली. "तू हिकडंच थांब. तुला सोंग जमत न्हाई."

काल सकाळी गारगोटीच्या रस्त्यावर सयाजीची मोटारसायकल उभ्या ट्रॉलीला धडकली होती. नोकरी तिकडं, बिऱ्हाड तिकडं, म्हणून सगळं तिकडंच उरकलं. झुंबरबाई नवऱ्याला सांगून गेली ती अंबाबाईचा नवस फेडायला, आणि पोराचं तोंड बघून दोन तासांत माघारी आली. आण्णांच्या छातीचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, अजून निदान पंधरा दिवस वाईट काही कानावर जाऊ देऊ नका, धक्का सोसायचा नाही. एक हातचा गेला होता. दुसरा हातात होता, तो तिनं मुठीत गच्च धरला होता.

आण्णा उशीला टेकून बसले होते. पितळी मांडीवर घेत त्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

"सात वाजलं. लाव की."

"ऱ्हाऊ दे आज. डोस्कं दुखतंय."

"तुझं? मालिकेच्या टायमाला?"

तिनं टीव्ही लावला. अकरा वर्षं रोज सातला हे चालत आलं होतं. खरं तर आण्णा मालिका बघत नसत, झुंबरबाईला ऐकत असत. तिसरी नापास बाई, पण पडद्यावरचं खोटं तिला वरणातल्या खड्यासारखं दाताखाली येई. झोपेतून उठलेल्या बाईचा अंबाडा, रंगवलेल्या नखांनी थापलेली भाकरी, पायात चपला घालून देवघरात शिरलेला सासरा, कुणाचीच तिनं गय केली नव्हती.

आणि नेमकं आज मालिकेतल्या घरात थोरला मुलगा गेला होता. फोटोला हार, खाली समई. आई छाती पिटत होती.

झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आण्णांनी मान वळवली.

"आज तोंडाला कुलूप घातलंस काय? ती बया बरी रडाय लागली म्हणायची."

बोलणं भाग होतं.

"बरी?" आवाज फाटला, तो तिनं खाकरून सरळ केला. "हिला बरी म्हणताय? डोळ्याला धार आन नाक कोरडं. काजळ बगा, जागचं हललं न्हाई. पोटचं पोरगं गेल्याव आई अशी रडती व्हय? आवं, तिला तवा काय कळतंय? ती आल्यागेल्याला पाणी द्या म्हणती. दारातल्या चपला सरळ करत बसती."

गारगोटीच्या अंगणात काल तिनं परक्या माणसांच्या चपला ओळीनं लावल्या होत्या. एक जोड त्यात सयाजीचाच निघाला होता.

आण्णा हसले. टाके ओढले तसा छातीवर हात ठेवला. त्या हसण्यानं तिला बळ आलं. हे असंच बोलत राहायचं, रोज सात ते साडेसात, पंधरा दिवस. उताराला लागलेल्या गाडीसारखी ती सुटली. सुनेच्या साडीला नावं ठेवली, रडता रडता मागं बघणाऱ्या काकाला शिव्या घातल्या. पडद्यावर स्वयंपाकघर आलं. सुनेनं तापल्या तेलात मोहरी टाकली.

"बगा, बगा! सुतकाच्या घरात फोडणी! लिव्हणाऱ्याच्या घरात कोण मेलंच न्हाई वाटतं कधी. आवं, चूल पेटत न्हाई तीन दिस! शेजारपाजारनं भाकरी येती, तीच गिळायची…"

तिची नजर आण्णांच्या हाताकडं गेली.

आण्णांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. झुंबरबाईची भाकरी पापुद्र्यासारखी पातळ, भावकीत नावाजलेली. हा तुकडा जाडजूड, कडेला बोटांचे ठसे उमटलेला. आण्णांनी तो उलटून पाहिला. मग दाराकडं पाहिलं. पलीकडं भांड्याचा आवाज नव्हता. दिवेलागणीला घरात कसलाच वास नव्हता.

त्यांचा हात छातीवर गेला. झुंबरबाई अर्धवट उठली. सगळं आपल्याच जिभेनं केलं होतं. अंबाबाई, ही जीभ झडू दे माझी, पण ह्यांना नको नेऊस.

"डॉक्टरास्नी फोन…"

"बस खाली."

ती बसली. टीव्हीतली आई रडतच होती. आण्णांचा श्वास वर अडकला, खाली आला, पुन्हा अडकला, मग हळूहळू लयीत आला. त्यांनी तुकडा आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावला. मग दुसरा. मग तिसरा. एक भाकरी संपली, त्यांनी दुसरी मोडली. तीही संपवली.

"झकास झालीया," ते म्हणाले. "तुझ्या हातची."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी भाकरीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.

जाहिराती लागल्या. कुणीतरी शर्टावरचे डाग धूत होतं. दोघांनी ते मन लावून पाहिलं.

"सयाजीचा फोन आला तर सांग," आण्णा पडद्याकडं बघत म्हणाले. आवाज रोजचाच होता. "म्हणावं, आण्णा पोटभर जेवला. काळजी करू नकोस म्हणावं."

"सांगते."

रिकामी पितळी घ्यायला तिनं हात पुढं केला. आण्णांनी पितळी सोडली नाही. तिनंही सोडली नाही. जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली, तरी दोघं ती दोन्हीकडून धरून बसले होते.