चारास एक

डोलखारला एका अंगाने खाडी, दुसऱ्या अंगाने भातखाचरं आणि मधे मातीचा बांध. गावात टेम्पो एकच, कमळाकर म्हात्रेचा. पेणच्या बाजारात भाजी, मीठ, पावट्याची पोती, प्रसंगी आजारी माणूस, सगळं त्याच्याच टेम्पोतून जायचं.

बांधाच्या कडेला करंजाची झाडं मोप. जुन्या काळी करंजाच्या तेलाचे दिवे जळत, मग ते इंजिनात का जळू नये, हा किडा पंचाण्णवच्या उन्हाळ्यात कमळाकरच्या डोक्यात शिरला. त्याची बायको सगुणा हसली. "खरजेला लावायचं तेल गाडीला पाजणार? गाडीला खरूज झाली काय?" पण बिया तिनेच वेचल्या. रोह्यापलीकडे अष्टमी गावात एक घाणा होता, तिथून तेल काढून आणलं. महिनाभर डब्यात निवळू द्यायचं, दोनदा फडक्यातून गाळायचं, आणि चार भाग डिझेलमध्ये एकच भाग घालायचं. हे प्रमाण कमळाकरने चुकत चुकत शोधलं होतं. धुराला उग्र वास यायचा, पण टेम्पो वर्षभर बिनतक्रार धावला.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या बायका पाट्या घेऊन बिया वेचायला बाहेर पडल्या. कमळाकर भेटेल त्याला सांगू लागला, "खाडीकाठी एवढी झाडं हायत, आपल्याला पंपावर जायची गरजच पडणार नाय!" चारास एक हे सांगायचं मात्र हळूहळू मागे पडलं.

त्या श्रावणात, लावणी आटोपून पंधरा दिवस झाले असतील, बांधाला खांड पडली. सहा हात बांध खाडीने गिळला. तिथी वद्य नवमी, म्हणून भरतीचं पाणी अजून बेताचं होतं. पण अमावस्येला उधाण येणार होतं, आणि त्याआधी खांड बुजली नाही तर खारं पाणी साऱ्या शेतात पसरणार होतं. एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं भात नाही.

गाव कामाला लागलं. कमळाकर खाणीवरून दगड आणायचा, बैलगाड्यांतून चिकण माती यायची. पाच दिवस कोणी धड जेवलं नाही. अमावस्येच्या सकाळी बांध पुरुषभर उंच आला होता. अजून पाच-सहा खेपांचं काम उरलं होतं. आणि टेम्पोत डिझेल संपत आलं. महामार्गावर दरड कोसळल्याने रामवाडीच्या पंपावर दोन दिवस टँकर फिरकला नव्हता.

"तुझं तेल हाय ना?" जगनतात्या म्हणाले. बांधाचं काम त्यांच्याच शब्दावर चाललं होतं. "ते घाल. चालंल ना?"

घरात दोन डबे होते, पण आठच दिवसांपूर्वी घाण्यावरून आलेले. तळाशी गाळ, वर गढूळ तेल. कमळाकरला हे ठाऊक होतं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"चालंल," तो म्हणाला.

सगुणाने त्याला बाजूला घेतलं. "अवो, ते निवळलं नाय अजून."

"मग काय करू गो? बैलगाड्यांनी दगड कवा यायचे?"

निम्मं डिझेल, निम्मं तेल. पहिली खेप गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या खेपेला, खांड तीनशे पावलांवर असताना, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

कमळाकरने फिल्टर उघडला. आत पिवळा लगदा. धुऊन बसवला, हवा काढली, चावी फिरवली. चालू होऊन लगेच बंद. पुन्हा उघडला, पुन्हा लगदा. मग बॅटरीच उतरली. बांध टेम्पोपुरताच रुंद. मागे मातीच्या चार बैलगाड्या अडकल्या होत्या. तीस माणसांनी मिळून ढकलला, तर चाकं चिखलात आणखी रुतली.

"खाली ढकला!" कमळाकर ओरडला. "टेम्पो शेतात ढकलून द्या!" पण दगडांनी भरलेला टेम्पो हलेना. शेवटी माणसांनी रांग केली आणि हातोहात दगड पुढे देऊ लागली. सगुणाच्या बोटांतून रक्त येत होतं, तरी ती रांगेतून हटली नाही.

बाराच्या सुमारास पाणी आलं. आधी नव्या मातीवरून हातभर धार, मग बांधाचा तुकडाच आत बसला. लोक मागे पळाले. नुकत्या लावलेल्या भाताच्या हिरव्या आवणांवरून मातकट पाणी पसरत गेलं आणि तासाभरात गावाच्या पायरीशी टेकलं.

कमळाकरला कोणी शिवी दिली नाही. जगनतात्या फक्त म्हणाले, "नाय म्हणाला असतास, तर सकाळीच दगडांच्या पाट्या डोक्यावर घेतल्या असत्या." एवढं बोलून ते घरी गेले. त्यानंतर ते कमळाकरशी कधीच बोलले नाहीत.

सरकारी माणसं आली, खांडीची मापं घेऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात खांड चाळीस हात झाली. शेतात खाऱ्या चिखलातली तिवरं उगवली. माणसं कुठे कुठे पांगली. कमळाकर आणि सगुणा अष्टमीत एका खोलीत राहायला आले. तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टवर जाऊ लागला.

अठ्ठ्याण्णव साली पेणहून कॉलेजचे एक मास्तर त्याला शोधत आले. करंजाच्या तेलावर वर्षभर गाडी चालवलीत म्हणे, प्रमाण किती ठेवायचात, गाळायचात कसं, असं वहीत लिहून घ्यायला. कमळाकरने त्यांना चहा पाजला. म्हणाला, "कुणीतरी चुकीचं सांगितलंय तुमाला. मी साधा ड्रायव्हर होतो."

मास्तर गेल्यावर सगुणा म्हणाली, "सांगायचं व्हतं की. चारास एक, बरोबरच चाललं होतं ना वर्षभर?"

"व्हय. बरोबर चाललं होतं," कमळाकर म्हणाला. "म्हणून तर लोकांनी माझं ऐकलं."

सगुणाने कपबशा उचलल्या. कंपनीचा भोंगा झाला तसा त्याने डबा घेतला आणि रोह्याला जाणाऱ्या पुलाकडे चालू लागला.