फोटोफ्रेम, काचेसकट

सुचित्राने वजनाचा आकडा खोडला आणि कागदावर बघून पुन्हा टाइप केला. पुन्हा तोच आला. माल म्हणे प्लॅस्टिकच्या फोटोफ्रेमा, आणि वजन मात्र लोखंडी खिळ्यांचं असावं तेवढं. तिने खुर्ची मागे सरकवली आणि नाडकर्णी सरांच्या केबिनच्या दारावर टकटक केली.

"सर, राजेशभाऊंच्या मालाचं वजन जुळत नाहीये."

"कशाशी?"

"मालाशी. फ्रेमा एवढ्या जड कशा असतील?"

नाडकर्णींनी चष्मा कपाळावर चढवला. जहाज कंपनीने वजन कस्टम्सला आधीच कळवलेलं असतं, त्याला कुणाला हात लावता येत नाही. बदलायचं ते मालाचं वर्णन. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बंदरातला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या परळच्या त्या ऑफिसात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"काचेसकट लिही ना," ते म्हणाले. "काच जड असते."

जागेवर येऊन तिने वर्णनाच्या रकान्यात 'काचेसकट' हा शब्द जोडला. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली. सॉफ्टवेअरचं काय, रकाने भरले की ते खूष.

सकाळी आलेली पहिली ईमेल तिने वाचली होती. तिच्यात फ्रेमा नव्हत्या. विजेच्या स्कूटरच्या वापरलेल्या बॅटऱ्या होत्या. अशा बॅटऱ्या पेट घेतात, म्हणून त्या तशा लिहिल्या तर परवानग्या लागतात, तपासणी होते, माल बंदरातच अडकतो. तासाभरात दुसरी ईमेल आली, तिच्यात फ्रेमा होत्या, आणि पहिली कुणीतरी पुसून टाकली. हे पूर्वीही झालं होतं. तेव्हा तिने जुनीच नोंद कॉपी करून तारखा तेवढ्या बदलल्या होत्या. चूक असेल, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. माणूस स्वतःला सांगतो ते त्याला पटकन पटतं.

शिवाय राजेशभाऊ परका नव्हता. फणसवाडीत ती राहायची त्याच लाकडी जिन्याच्या इमारतीत तळमजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. तिच्या नवऱ्याचा, दीपकचा, तो शाळेपासूनचा मित्र. दीपकची नोकरी गेली तेव्हा त्यानेच नाडकर्णींकडे शब्द टाकून तिला इथे लावलं होतं. दीपकला अजून धड काही मिळालेलं नव्हतं आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. अशा माणसाला 'तुझ्या खोक्यांत खरं काय आहे?' असं विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अप्पा, तिचे सासरे, जमिनीवर चटई टाकून पडले होते. त्यांचे गुडघे गेले होते. जिना उतरणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. खिडकीतून दिसेल तेवढीच त्यांची मुंबई.

"सुचित्रा, नखांका रंग लावलंस काय गो?"

"नाही अप्पा. का?"

"मगे वास कसलो येता? दुपारपासून येता. आणि ह्या फळयेक हात लाव बघू."

तिने पर्स तशीच खांद्यावर ठेवून वाकून हात लावला. मे महिना होता, सगळंच तापलेलं होतं. पण इतर फळ्या तापल्या होत्या त्या वरून. ही आतून ऊब धरून होती, झाकून ठेवलेल्या भाताच्या टोपासारखी. फटीतून गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता.

सुचित्रा घाबरली. नुसती दचकली नाही, घाबरली. फळीच्या खाली राजेशभाऊची खोली होती. ती मनातल्या मनात अप्पांना खुर्चीत बसवून जिन्यापर्यंत घेऊन गेली, आणि वळणावर खुर्ची अडली. पुन्हा नेली, पुन्हा तिथेच अडली.

ती तशीच खाली आली. शटर अर्धं वर होतं. आत निळ्या वेष्टनातल्या बॅटऱ्यांची चळत होती आणि एक कामगार त्या एकेक सोलून पुन्हा जोडत होता. त्याने बाजूला काढून ठेवलेली एक पुरीसारखी टम्म फुगली होती. राजेशभाऊ मोबाइलवर बोलत होता. तिला पाहून त्याने फोन ठेवला.

"बोला वहिनी."

यापुढे खोटं टाइप करणार नाही, असं म्हणायचं तिने जिना उतरताना ठरवलं होतं. खाल्ल्या मिठाला जागायचं ते किती, असंही विचारायचं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"भाऊ, अप्पांना जिना उतरवत नाही."

राजेशने फुगलेल्या बॅटरीकडे पाहिलं, मग वर छताकडे. त्याने कळलं नसल्याचं सोंग केलं नाही.

"हे दुसरीकडे कुठे ठेवता आलं तर बघा ना," ती म्हणाली.

"एवढंच ना? अहो, तुम्ही आजवर माझ्याकडे काही मागितलं नाहीत. आणि अप्पा काय मला परके? उद्याच हलवतो."

आणि त्याने खरंच हलवलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, खोल्या रिकाम्या झाल्या, त्याने त्या धुऊनही घेतल्या. रात्रीपर्यंत अप्पांची फळी थंड झाली. सुचित्राने शिरा केला, अप्पांनी दोनदा मागून घेतला.

"बघ, राज्या शब्दाचा पक्का," दीपक म्हणाला.

ते खरंच होतं. कितीतरी दिवसांनी ती निर्धास्त झोपली.

सोमवारी नाडकर्णी सर तिच्या टेबलापाशी आले.

"राजेशच्या मालाच्या नोंदीत गोदामाचा पत्ता बदल. तुला माहीत आहे म्हणाला."

त्यांनी कागद ठेवला. पत्ता खोताच्या वाडीतला होता. घर क्रमांक, तळमजला. तिच्या घरापासून भाजी आणायला जावं इतकं जवळ. 'दुसरीकडे' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे शहराबाहेरची पत्र्याची शेड होती, मोकळ्या माळावरची, जिच्यावर कुणी राहत नाही. इथे तळमजला होता, म्हणजे वर कुणीतरी होतंच. तिने पत्ता टाइप केला. हिरवी खूण आली.

आठवडाभर ती त्या वाटेने गेली नाही. रविवारी मासळी आणायला म्हणून निघाली आणि पाय आपसूक तिकडे वळले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. काही दिसलं नाही की परत यायचं, असं तिने ठरवलं होतं.

घर लाकडी होतं. जिना बाहेरून वर चढलेला, निमुळता, एका माणसापुरता. वर दोरीवर तान्ह्या बाळाची दुपटी वाळत होती. खालच्या खोलीला नवं कुलूप होतं आणि गजांच्या खिडकीतून रचलेली खोकी दिसत होती. समोरच्या ओट्यावर गाउन घातलेली एक म्हातारी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या चादरीवर पसरत होती. मिरच्यांचा तिखट दर्प नाकात भरला होता, आणि त्याच्याखालून तोच गोडसर वास.

"कोन पायजे, बाय?"

"कुणी नाही. सहजच."

"सहज कोन खोक्यांकडे बघते? त्या भाडेकरूच्या हापिसातली काय तू?"

सुचित्राला नाही म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"मग सांग ना, काय हाय त्यात? पोराने खोली भाड्याने दिली, पन कोन काय सांगत नाय. वर माझी सून हाय, बाळंतीण. तिला वास सोसत नाय. रात्री उठून बसते."

सुचित्राने वर पाहिलं. दुपट्यांच्या मागे बाळ किरकिरत होतं आणि कुणीतरी हलक्या आवाजात त्याला गप्प करत होतं. सांगून टाकावं. आत्ताच्या आत्ता बाळाला घेऊन खाली या, खोकी बाहेर काढायला लावा, पोलिसांना बोलवा. जिभेवर आलंच होतं.

पण तिला राजेशच्या धुऊन ठेवलेल्या दोन खोल्या दिसल्या, रिकाम्या, थंड. खोकी इथून निघाली तर कुठे जातील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वर चटईवर अप्पा पडलेले असतील, आणि पोलीस आधी विचारतील की ही नोंद कुणी केली.

"फ्रेमा आहेत," ती म्हणाली. "फोटोच्या."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "असं काय! उगाच भ्याले मी. मग एक मला मिळल काय ग? आमच्या मिस्टरांचा फोटो पडला, तसाच ठेवलाय कपाटात. पन काच पायजे हां. आजकाल नुसतं प्लॅस्टिक देतात."

एक मिरची घरंगळत सुचित्राच्या चपलेपाशी आली होती. तिने ती वाकून उचलली आणि चादरीवर इतर मिरच्यांच्या रांगेत नीट ठेवली.

"काचेसकट आहेत, मावशी."