नारळ कुणाच्या दारात उभा राहिला

रायपूर राजधानी झालं आणि तेलीबांध्याच्या गल्लीतले नळ आटू लागले. सगळ्यांची मिळून एकच बोअर मारायचं ठरलं. पाणी शोधणाऱ्याच्या तळहातावरचा नारळ नेमका भैय्यालालच्या दारात उभा राहिला, तेव्हाच यशवंतरावांना संशय आला.

"मी आपली वेगळी मारतो."

"काहून भाऊ? सगळ्यांचं पाणी कडू लागते काय?" भैय्यालाल हसला.

त्याच्या दारात धो धो पाणी लागलं. यशवंतरावांच्या अंगणात नुसता धुरळा निघाला. दुसऱ्याच दिवशी भैय्यालालनं न विचारता पाइप ओढून त्यांच्या फाटकाशी नळ बसवला.

"भरा भाऊ, सर्वांचं आहे."

यशवंतरावांनी घागर भरली. हा माणूस इतकं चांगलं का वागतो, ते त्यांना कळेना. मग ते आत गेले आणि नळासाठी कुलूप घेऊन आले.